पळसाच्या रंगात कापडावर ढग पडतात? फुलांना नंतर दोष द्या, आधी पाण्याचा थेंब टाकून बघा

होळी जवळ आली की पळस पेटतो, आमच्या गटातल्या बाया फुलं वेचायला निघतात आणि पाडव्यापर्यंत वीस-पंचवीस सुती दुपट्टे केशरी होऊन दोरीवर येतात. त्यातले सात-आठ दरवर्षी ढगाळ. ढगाळ म्हणजे एका अंगाला छान केशरी, मध्येच तळहाताएवढा पिवळट-पांढरा डाग आणि त्याच्या कडेला गडद रेघ. असा दुपट्टा प्रदर्शनात मांडला तर गिऱ्हाईक हातात घेतं, उलटून बघतं आणि घडी न घालताच ठेवून देतं.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, बोर धरणाच्या खालच्या अंगाला. मी बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतली होती. लग्नानंतर ती सगळी गटाच्या हिशेबवहीखाली दबली. दोन मोसम वाया गेले, तिसऱ्यात कारण सापडलं. शेजारच्या गावातला गटही हाच त्रास काढतोय असं कळलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्रारी खरं तर तीन आहेत आणि आपण त्यांची खिचडी करतो. एक हे ढग. दुसरी, रंग उजळ न येता मळका, शेवाळी येणं. तिसरी, गिऱ्हाइकाच्या घरी पहिल्याच धुण्यात रंग लालसर होणं किंवा उतरणं. तिन्हींची कारणं निरनिराळी आहेत. जास्त नुकसान ढगांनी केलं, म्हणून आधी ते.

ढग कुठून येतात

पहिल्या वर्षी आम्ही फुलांवर आळ घेतला. शिळी असतील, सावलीऐवजी उन्हात वाळली असतील, देठाची काळी मखमली टोपी काढायची राहिली असेल. दुसऱ्या वर्षी निवडून फुलं घेतली, टोप्या काढल्या, फुलांचं प्रमाण दीडपट केलं. ढग तसेच राहिले, फक्त जास्त केशरी झाले. मग तुरटी वाढवून पाहिली. कापड खरखरीत झालं, बाकी फरक शून्य.

वाट दाखवली ती आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. ओट्यावर बसून त्या तो दुपट्टा बघत होत्या. म्हणाल्या, "पयसाचं फूल तं एकच, पानी एकच, गंजही एकच. मंग अर्ध्या कपड्याले रंग लागते अन् अर्ध्याले लागत नाही, काहून वो?"

बीएस्सी मी झाले होते आणि प्रश्न त्यांना पडला. रंगाचं पाणी सगळीकडे सारखं असेल तर फरक कापडातच असणार, तोही रंगात घालायच्या आधीपासून.

मग लेकराच्या औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर धुऊन घेतला. धुऊन, वाळवून, रंगवायला तयार ठेवलेला एक कोरा दुपट्टा खाटेवर ताणून बांधला, खाली काही टेकू दिलं नाही. दर वीतभर अंतरावर पाण्याचा एकेक थेंब टाकत गेले. बहुतेक ठिकाणी कापडाने थेंब टेकताक्षणी पिऊन टाकला. पण तीन-चार जागी तो कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानावर बसावा तसा गोल, चकचकीत बसून राहिला. मी वीसपर्यंत मोजलं, तरी हलला नाही. त्या जागांभोवती पेन्सिलने गोल काढले आणि तो दुपट्टा नेहमीसारखा रंगवला. संध्याकाळी दोरीवर टाकला तेव्हा प्रत्येक ढग पेन्सिलच्या गोलात होता.

पाणी जिथे शिरत नाही तिथे पाण्यातून येणारा रंग कसा शिरेल? तिथे चरबी होती. प्रश्न एवढाच, की दोनदा साबण लावून धुतलेल्या कापडावर चरबी आली कुठून.

दोन ठिकाणांहून. पहिली कापसाची स्वतःची. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, पण धाग्याच्या बाहेरच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, वजनाच्या शेकडा एकाच्याही आत. एवढंसं मेण, पण म्हणूनच सरकीतून काढलेला कापूस पाण्यात टाकला की तरंगत राहतो, आणि मेडिकलमधला कापूस बुडतो, कारण त्याचं मेण काढलेलं असतं. हे मेण लांब साखळीची मेदाम्लं आणि तितक्याच लांब साखळीची अल्कोहोलं यांचं बनलेलं. ते मऊ पडायला पाणी ७५ अंशांच्या वर न्यावं लागतं. कोमट पाण्यात तासभर आपटलं तरी ते जागचं हलत नाही. आम्ही कोमट पाण्यातच धूत होतो.

दुसरी चरबी आम्हीच लावली होती, आणि ती पण मोठ्या कौतुकाने. माझं माहेर भंडाऱ्याकडचं. तिकडून दरवर्षी टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल येतं आणि गट त्याचा साबण करतो. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या खुंटीला अडकवलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या समजा. कॉस्टिक सोड्यासोबत शिजवला की शेपट्या खुंटीवरून सुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला सोडियम चिकटतो. हाच साबण. मोहाच्या तेलात पामिटिक आणि स्टिअरिक या सरळ, घट्ट शेपट्यांचा वाटा मोठा असतो, म्हणून ते थंडीत थिजतं आणि साबणाची वडी चांगली टणक होते. पावसाच्या पाण्यात तो साबण सुरेख चालतो.

पण आम्ही तो बोअरच्या पाण्यात वापरत होतो. इकडचा खडक काळा पाषाण, त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. कॅल्शियमला दोन हात असतात. तो साबणाच्या दोन शेपट्या एकदम पकडतो, सोडियमला बाहेर काढतो आणि जो पदार्थ तयार होतो तो पाण्यात विरघळतच नाही. बादलीच्या कडेला, न्हाणीच्या फरशीवर जो राखाडी चिकट थर बसतो ना, तोच हा चुन्याचा साबण. कापडावर वडी जिथे घासली तिथे तो धाग्याच्या पोटात जाऊन बसला. नंतर कितीही खंगाळा, त्याच बोअरच्या पाण्यात खंगाळलं तर तो निघणार कसा?

म्हणूनच डाग तळहाताएवढे होते. वडी हातात धरून आपण जेवढी जागा एका दमात घासतो, तेवढेच.

थोडं विषयांतर. साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षार, हे ज्यांनी उलगडून दाखवलं ते फ्रान्सचे मिशेल शेव्रल. चरबीवरचं त्यांचं काम १८२३ साली पुस्तकरूपाने आलं आणि पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या गोबेलँ या सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार आली की काळा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगांमुळे डोळ्याला काळा फिका वाटत होता. तक्रार रंगाची आणि कारण भलतीकडेच, ही गोष्ट तेव्हाचीही आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. शेव्रल १०२ वर्षं जगले.

आता उपाय. पाणी आधी तपासा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात साबणाच्या पाण्याचे पाच-सहा थेंब, झाकण लावून दहादा हलवा. पत्र्याच्या पन्हाळीचं पावसाचं पाणी घेतलं तर फेस टिकतो. आमच्या बोअरचं घेतलं तर फेस येतच नाही, वर दह्यासारख्या कवड्या तरंगतात. पावसाळ्यात दोन ड्रम पन्हाळीखाली भरून झाकून ठेवता आले तर अर्धी लढाई जिंकली. नसेल जमत तर बोअरचं पाणी खळखळून उकळा; त्यातला थोडा चुना भांड्याच्या तळाशी पांढरा थर होऊन बसतो. मग धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका आणि दरवेळी बाटलीत फेस बघा. फेस टिकायला लागला की थांबा, रात्रभर निवू द्या आणि सकाळी वरचं नितळ पाणी ओतून घ्या. तळाचा गाळ ढवळायचा नाही.

त्या पाण्यात कापड उकळायचं. एक किलो कापडाला वीस लिटर पाणी, ४० ग्रॅम सोडा, थोडा किसलेला साबण, आणि उकळी फुटल्यावर निदान तासभर. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी झालं तर समजा काम होतंय. गरम सोडा चरबीचा साबण करतो आणि न बदलणारं मेण साबणाच्या फेसात अडकून सुटतं. कापड गरम असतानाच गरम पाण्यात खंगाळा. थंड पाण्यात टाकलं तर सुटलेलं मेण परत धाग्यावर गोठतं.

सोड्यात एक फसगत आहे. किराणा दुकानात जो खड्यांचा सोडा मिळतो त्यात दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. १०० ग्रॅम खड्यांत खरा सोडा ३७ ग्रॅमच, बाकी पाणी. भुकटी मिळते ती जवळपास निर्जल. आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात डबा उघडा राहिला की खडे पाणी सोडून पांढऱ्या पिठासारखे होतात, मग त्यात खरा सोडा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे त्याच डब्यातला तोच चमचा होळीला एक माप आणि अक्षयतृतीयेला दुसरं. वर लिहिलेले ४० ग्रॅम निर्जल भुकटीचे आहेत. चकचकीत खडे असतील तर १०० ग्रॅमच्या थोडे वरच घ्या.

ज्या कोऱ्या कापडावर चुन्याचा साबण आधीच बसलाय ते टाकून देऊ नका. बादलीभर खूप गरम, हात न घालवेल अशा पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल विरघळवा आणि कापड अर्धा तास बुडवून ठेवा, काठीने हलवत. आम्ल कॅल्शियमला ओढून घेतं आणि शेपट्या मोकळ्या मेदाम्लाच्या रूपात उरतात. पाणी गरम का, तर स्टिअरिक आम्ल ६९ अंशांच्या पुढे वितळतं. थंडगार लिंबूपाण्यात ते मेणबत्तीसारखं घट्ट बसून राहील. मग कापड निथळून वरच्यासारखं सोड्याच्या पाण्यात उकळा. सुटं मेदाम्ल पुन्हा सोडियमचा साबण होऊन वाहून जातं. मी सात दुपट्टे असे वाचवले, एक फाटला. तो आधीच जीर्ण होता.

वाळल्यावर पुन्हा ड्रॉपर काढा. थेंब टेकताक्षणी शिरला पाहिजे, सगळीकडे, काठालाही. मनातल्या मनात "एक" म्हणून होईपर्यंत थेंब दिसत राहिला तर कापड परत चुलीवर.

कधी कधी थेंब शिरतो तरी ढग येतात. तेव्हा खळ बघा. मागावरून आलेल्या कापडाच्या ताण्याला कांजी लावलेली असते. जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब पाण्यात पातळ करून कोपऱ्यावर टाका. निळं-काळं झालं तर खळ आहे. कापड रात्रभर कोमट पाण्यात आंबवत ठेवलं की ती सुटते. वास येतो, त्याला इलाज नाही.

हिरडा, तुरटी आणि ते दोन हात

चरबी गेली तरी सुताला पळसाचा रंग आपसूक धरत नाही. रेशीम, लोकर ही प्रथिनं. त्यांच्यात तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरायला जागा असतात. सेल्युलोजमध्ये तसं फारसं काही नाही. म्हणून सुताला आधी हिरडा द्यायचा. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला चिकटतं आणि त्याच्या बेंझीनच्या कड्यांवर शेजारीशेजारी असलेले हायड्रॉक्सिलचे हात ॲल्युमिनियम धरून ठेवतात. मग तोच ॲल्युमिनियम दुसऱ्या बाजूने रंगाचा रेणू धरतो. किलोभर कापडाला दीडशे ग्रॅम हिरड्याची भुकटी रात्रभर भिजवून गाळलेली. कापड त्यात दहा-बारा तास, पिळून न धुता सावलीत वाळवायचं. दुसऱ्या दिवशी दीडशे-दोनशे ग्रॅम तुरटी, पुन्हा रात्रभर. मग हलकं खंगाळून रंगात.

इथे आमची एक चूक सांगते, कारण तीही ढगासारखीच दिसते. सोड्याच्या पाण्यात उकळलेलं कापड नीट न खंगाळता पुढे नेलं, तर शेवटी तुरटीच्या पाण्यात बारीक बुडबुडे येतात. बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. सोबत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा पांढरा बुळबुळीत गाळ बनतो. तो कापडावर वरवर बसतो, रंगही वरवर धरतो आणि वाळल्यावर झटकलं की केशरी धूळ उडते. सोड्याने मऊ केलेलं पाणी म्हणूनच फक्त धुण्याला वापरायचं. हिरडा, तुरटी आणि रंग यांना पावसाचं.

आता फुलातलं. पळसाचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा, आणि त्यातला ब्युटिया आला लॉर्ड ब्यूट या वनस्पतिवेड्या ब्रिटिश पंतप्रधानाच्या नावावरून. आपल्या पयसाशी त्याचा काय संबंध ते विचारू नका. पण फुलातल्या द्रव्यांची नावंही त्याच्याच घराण्यात गेली. ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन ही दोन मुख्य. दोघांतले अणू अगदी सारखे, मांडणी वेगळी. आयसोब्युट्रिनमध्ये दोन बेंझीनची कडी एका उघड्या पुलाने जोडलेली असतात. दुहेरी बंध, एकेरी बंध, पुन्हा दुहेरी, असा आळीपाळीचा रस्ता एका कड्यापासून दुसऱ्यापर्यंत सलग जातो. इलेक्ट्रॉनला असा लांब मोकळा रस्ता मिळाला की रेणू निळा-जांभळा प्रकाश शोषतो आणि आपल्याला पिवळा-केशरी दिसतो. ब्युट्रिनमध्ये तोच पूल वळून बंद कडं झालेलं असतं. रस्ता तुटला, रंग गेला. ते जवळजवळ बिनरंगी.

अल्कलीत, म्हणजे चुना-सोड्यासारख्या पदार्थांच्या पाण्यात, हे बंद कडं उघडतं. होळीला पळसाच्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला की ते एकदम भडक होतं, ते याचमुळे. लिंबू पिळलं की पाणी फिकं. म्हणून रंगाच्या भांड्यात कापडाच्या एका कोपऱ्यात सोडा राहून गेला असेल तर तो कोपरा तांबूस निघतो. हा उलटा ढग, गडद.

दोन्ही रेणूंना ग्लुकोजचे दोन-दोन लोंबते तुकडे असतात. साखर असल्याने ते पाण्यात सहज विरघळतात, म्हणजे फुलातून सहज निघतात आणि कापडावरूनही सहज निघायला बघतात. शिवाय एक साखर नेमकी त्याच कड्यावर बसलेली असते जिथले दोन शेजारचे हात ॲल्युमिनियमला धरायला हवे होते. थोड्या आंबट पाण्यात बराच वेळ तापवलं की काही रेणूंची साखर तुटते आणि मागे उरलेला ब्युटेइन जास्त घट्ट धरतो. तेव्हा घाई करू नका. किलोभर कापडाला किलोभर वाळली फुलं, रात्रभर भिजवून, गाळून, मंद आचेवर तास-दीड तास, खळखळ उकळी न आणता, मग त्याच पाण्यात कापड निवेपर्यंत राहू द्यायचं. कापड मोकळं तरंगलं पाहिजे. आमची एक मैत्रीण जागा वाचवायला सहा दुपट्टे एका गंजात कोंबायची. त्या ढगांना रसायनशास्त्र जबाबदार नाही.

मळका, शेवाळी रंग

हे सोपं आहे. लोखंड. ते शेजारशेजारच्या हायड्रॉक्सिलांना ॲल्युमिनियमसारखंच धरतं, पण त्याच्यासोबत रंग काळपट होतो. जुन्या काळी शाई हिरडा-मायफळासारख्या तुरट फळांच्या काढ्यात हिराकस घालून करत, तीच ही क्रिया.

आम्ही लग्नाकार्यातली मोठी लोखंडी कढई वापरली होती, आतून काळीभोर. तिच्यातला पूर्ण घाणा पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा निघाला. तेव्हापासून जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, किंवा स्टील. ढवळायला बांबूची काठी. कापड वाळत घालायची तार गंजलेली असेल तर तिच्यावरही टाकू नका, तारेची काळी रेघ कापडावर कायमची उमटते.

पाण्यातच लोह आहे का, हेही हिरड्यानेच कळतं. काचेच्या पेल्यात हिरड्याचा पातळ काढा घ्या, त्यात बोअरचं पाणी ओता आणि पाच मिनिटं ठेवा. करडं-निळसर झालं तर त्या पाण्यात केशरी रंगाची आशा सोडा. आमच्या शाळेमागच्या हातपंपाचं पाणी दोन मिनिटांत दौतीसारखं झालं. पोरांनी त्यात काडी बुडवून नावं लिहिली.

गिऱ्हाइकाकडून परत आलेला दुपट्टा

तिसरी तक्रार आमच्यापर्यंत उशिरा पोचली. वर्ध्याच्या एका बाईंनी दुपट्टा परत आणून दाखवला: खांद्याच्या भागात लालभडक ठिपके. मी बघताच ओळखलं, कारण आपल्या सगळ्यांच्या साडीवर कधी ना कधी वरणाच्या डागाला साबण लावल्यावर हेच झालंय. हळद! आमच्यातल्या एकीने रंग चढत नाही म्हणून त्या घाण्यात दोन मुठी हळद टाकली होती आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

हळदीतलं कर्क्युमिन सुताला कशाचीही मदत न घेता चिकटतं. म्हणून मोह होतो. लगेच पिवळाधमक रंग. पण साबणाच्या अल्कलीत ते हायड्रोजन सोडून लाल-तपकिरी होतं. लिंबाच्या पाण्यात बुडवलं की परत पिवळं होतं, त्यामुळे तो दुपट्टा मी त्या बाईंसमोरच लिंबाने पिवळा करून दाखवला. त्या हसल्या, पण पैसे परत घेतलेच. शिवाय हळद उन्हात टिकत नाही. चार दिवस दोरीवर राहिली की जिथे घडी होती तिथेच उरते.

शंका असेल तर कोपऱ्यावर सोड्याच्या पाण्याचा थेंब टाका. रक्तासारखा लाल झाला तर हळद आहे. नुसता पळस असेल तर केशरी फक्त गडद होतो.

नुसत्या पळसाचाही रंग साबणाने बदलतो, हे खरं. साबणाच्या पाण्याचा सामू (पीएच) नऊ-दहाच्या घरात असतो. आम्ही आता प्रत्येक दुपट्ट्याला चिठ्ठी लावतो: रिठ्याच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. रिठ्याच्या फेसाला अल्कली लागत नाही आणि कडक पाण्यात त्याच्या कवड्याही होत नाहीत. बाजारातल्या पावडरीचाही चुन्याचा साबण होत नाही, कारण तिच्यात मेदाम्लाच्या टोकाऐवजी बेंझीनचं कडं आणि सल्फोनेट असतं. पण सोबत सोडा मिसळलेला असतो, तो रंग फिरवतोच.

गटात कोणी ना कोणी दरवर्षी म्हणतंच, एवढी उस्तवार कशाला, बाजारातून केशरी पुडी आणू. सुताला थेट चिकटणारे रंग आहेत, नाही असं नाही. त्यातला पहिला गाजलेला काँगो रेड, १८८४ साली जर्मनीत आला. लांब, सपाट रेणू, सेल्युलोजच्या दोऱ्यावर अंगभर पसरून बसतो, त्याला हिरडा लागत नाही की तुरटी. पण त्याच्या मधोमध बेंझिडीनचा सांगाडा आहे आणि बेंझिडीनने माणसाच्या मूत्राशयाचा कॅन्सर होतो. बेंझिडीनसारखी घातक द्रव्यं सोडणारे रंग कपड्यात वापरायला जर्मनीनेच १९९४ मध्ये मनाई केली. आठवडी बाजारात उघड्या परातीतून तोलून देतात त्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. लेबल असलेले, तपासलेले रंग चांगले असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त ते वापरून "पळसाचा दुपट्टा" म्हणून विकायचा नाही.

उन्हाचं थोडक्यात: पळसाचा रंग उन्हाला कच्चा आहे आणि घरगुती उपायाने तो पक्का होत नाही. तुरटीने थोडा फरक पडतो, एवढंच. दारातल्या पडद्याला, गादीच्या खोळीला हा रंग देऊ नका. दुपट्टा, शेला, रुमाल ठीक.

एवढं सगळं सांभाळूनही गेल्या मोसमात दोन दुपट्ट्यांवर आडवी गडद रेघ आली, दोन्हींवर बरोबर मध्यावर. थेंब शिरत होता, खळ नव्हती, लोखंड नव्हतं. आठवडाभर डोकं खाजवलं. मग लक्षात आलं की तुरटीतून काढून ते दोरीवर दुमडून टाकले होते. लोंबती दोन्ही अंगं आधी सुकतात, दोरीपाशी चार घड्यांत ओल राहते आणि विरघळलेली तुरटी ओलीकडून सुकणाऱ्या कडेला सरकत जाऊन तिथे साचते. आता हिरडा आणि तुरटीचं कापड दोरीवर दुमडत नाही. दोन टोकांना चिमटे लावून एकेरी ताणतो आणि अर्ध्या तासाने वरची बाजू खाली करतो. जाऊबाई घड्याळ लावून बसतात.